ओढ्याचं नाव कुठून आलं, ते कसं शोधावं

नदीच्या नावामागे पुराण असतं, घाटावर पाटी असते. ओढ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. चार-सहा किलोमीटरांची लांबी, पावसाळा सरला की डबकी, नकाशावर बिननावाची रेघ. तरी त्याला नाव असतं, बहुतेक वेळा एकाहून जास्त. ती नावं माणसांच्या तोंडी असतात, सातबाऱ्याच्या एका दुर्लक्षित जागेत असतात, कधी एखाद्या मोडी कागदात. ती जमवून त्यांचं मूळ लावायचं तर कामाचा क्रम पाळावा लागतो. बहुतेक जण अर्थापासून सुरुवात करतात आणि तिथंच फसतात. आधी जागा, मग उच्चार, मग कागद. अर्थ सगळ्यांत शेवटी.

आधी ओढा ठरवा

ओढा नेमका कुठून कुठपर्यंत, हे गावात दोघांना विचारलं तर दोन उत्तरं येतात. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवरून १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. एका पत्रकात १५ मिनिटं अक्षांश आणि १५ मिनिटं रेखांश एवढा भाग असतो, त्यामुळे लहान ओढा बहुधा एकाच पत्रकात मावतो. कडेला असला तर शेजारचं पत्रकही लागतं. या नकाशांवर पाणी टिकणारे प्रवाह निळ्या रेघेनं आणि कोरडे पडणारे काळ्या रेघेनं दाखवतात. फक्त निळं शोधत बसलं तर आपला ओढा सापडतच नाही. ही पहिली हमखास चूक.

समोच्चरेषा ओढ्यावर आल्या की बाणाच्या टोकासारख्या वळतात आणि ते टोक उगमाच्या दिशेला असतं. डोंगराच्या सोंडेवर नेमकं उलट. एवढं ध्यानात ठेवून संगमापासून वर वर जात पेन्सिलीनं ओढा आणि त्याचे फाटे गडद करा. लांबी मोजायला भिजवलेला दोरा वळणावळणानं लावा, मग सरळ करून पट्टीवर मोजा. नकाशात बारीक वळणं गाळलेली असतात, म्हणून प्रत्यक्ष लांबी थोडी जास्तच भरते. दोन फाटे मिळतात तिथं लांब फाट्यालाच मुख्य ओढा मानू नका. पुढे कोणत्या फाट्याचं नाव चालू राहतं, हे गाव ठरवतं, लांबी नाही.

आता ओढ्याचे तुकडे पाडा, आणि ते गावांच्या शिवांवर, म्हणजे हद्दींवर पाडा. एक, दोन, तीन असे क्रमांक द्या. याचं कारण असं की ओढ्याचं नाव सहसा शिवेवर बदलतं. ज्या गावाच्या अगदी खेटून तो वाहतो तिथं त्याला नाव लागतच नाही. तो नुसता ‘ओढा’. नाव लागतं ते पलीकडच्या गावाला, दोन ओढ्यांत फरक करायला. म्हणून काठावरच्या गावात ‘नाव नाही’ असं उत्तर मिळालं तर निराश होऊ नका, शेजारच्या गावात जा. खालचं गाव ओढ्याला बऱ्याचदा वरच्या गावाच्या नावानं ओळखतं, आणि वरच्या गावाला ते नाव ऐकूनच नवल वाटतं.

जुना इंच-मैलाचा नकाशा, म्हणजे १ इंचाला १ मैल, हाती लागला तर सोनं. धरणं, पाझर तलाव आणि कालवे होण्याआधीची पाण्याची वाट त्यावर दिसते. मात्र तो मोबाइलच्या नकाशावर चढवताना ओढा शेजारच्या शेतात सरकलेला दिसेल. जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराच्या ‘एव्हरेस्ट’ या जुन्या गणितावर बेतलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या गणितावर चालतं, त्यातून ही तफावत येते. देवळाचा कळस किंवा जुना पूल अशा न हललेल्या तीन-चार खुणा जुळवून नकाशा सरकवून घ्या. ओढ्याची वळणं जुळवू नका. ती खरंच हललेली असू शकतात. पुण्याच्या आंबील ओढ्याचा प्रवाह तर नानासाहेब पेशव्यांच्या काळात मुद्दाम वळवलेला आहे. अशा ठिकाणी नाव जुन्या वाटेवरच्या कशावरून पडलेलं असू शकतं आणि ते आजच्या काठावर शोधून काही सापडत नाही.

उच्चार: इथं घाई केली की पुढचं सगळं वाया

इंग्रजी लिपीतल्या नकाशावरून नाव उचलून मराठीत लिहायचं, हा या कामातला सगळ्यांत मोठा अपघात. त्या लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द, ट आणि त एकसारखेच दिसतात. अ आणि आ यांतला फरकही जातो. एकाच अक्षरजुळणीतून माळ, मळ आणि मल निघतात. खार आणि खर, वड आणि वाड, पाण आणि पान यांचंही तेच. त्यात सातारा-कोल्हापूर पट्ट्यात ओढ्यालाच ‘वढा’ म्हणतात. तो इंग्रजीत उतरला आणि परत मराठीत आला की त्याचा ‘वडा’ किंवा ‘वाडा’ होतो, आणि मग लोक नसलेला वाडा शोधत फिरतात.

म्हणून नाव कानानं घ्या. फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण नुसतं नाव वदवून घेऊ नका. एकटं नाव सांगताना माणूस ते ‘शुद्ध’ करून सांगतो. वाक्यात बोलतं करा: ओढ्यात काय आहे, ओढ्यावर काय आहे, ओढ्याच्या पल्याड कोणाचं रान आहे, गाडी कुठून उतरायची. या चार वाक्यांत नावाची सामान्यरूपं, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणारी रूपं, आपोआप येतात, आणि मराठीत शब्दाचं मूळ सामान्यरूपातच उघडं पडतं.

उदाहरणाला ‘शिवओढा’ घ्या. राज्यात अशा नावाचे ओढे जागोजागी सापडतील. पाटीवर नाव वाचलं की शंकराचं देऊळ आठवतं. पण बोलताना माणूस ‘शिवेच्या ओढ्यात’ म्हणाला तर शब्द शीव आहे, स्त्रीलिंगी, म्हणजे गावाची हद्द. ‘शिवाच्या ओढ्यात’ म्हणाला तर देव. एका मात्रेवर निकाल लागतो. मुंबईचं शीव हे नावही याच हद्दीतून आलेलं आहे. मुंबई बेट तिथं संपायचं आणि साष्टी सुरू व्हायची. शिवओढ्याची दुसरी कसोटी गावनकाशावर करता येते: ओढा दोन गावांच्या हद्दीवरून वाहतो का? वाहत असेल आणि बोलीतही ‘शिवेच्या’ येत असेल, तर काठावरचं महादेवाचं देऊळ कितीही जुनं असो, नाव हद्दीवरून पडलं असंच धरा. नावामुळे मागाहून देऊळ आलं, असंही होतं. हद्दीवरून न वाहणारा शिवओढा सापडला तर लगेच नाही म्हणू नका. गावं फुटतात, वाड्यांची स्वतंत्र महसुली गावं होतात, जुनी शीव आतल्या अंगाला राहते. आधी जुना गावनकाशा पाहा.

लिंगही टिपून ठेवा. तो, ती की ते? ओढा पुल्लिंगी असूनही लोक ‘ती नागझरी’ म्हणतात, कारण मूळ शब्द झरी. पुण्याच्या जुन्या पेठांतून जाणाऱ्या नागझरीला आता ‘नागझरी नाला’ म्हणतात. झरी म्हणजे पाणीच, त्यावर पुन्हा नाला. असं दुहेरी नाव दिसलं की समजावं, पहिल्या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यांच्या ध्यानातून गेला तेव्हा दुसरा जोडला गेला. नावाला थर असतात आणि सगळ्यांत वरचा थर सगळ्यांत नवा असतो. शोध खालच्या थराचा घ्यायचा.

मुंबईच्या मिठी नदीचंही असंच. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून ती माहीमच्या खाडीला मिळते. नाव ऐकून कोणाला मीठ आठवेल, कोणाला आलिंगन. मिठावरून नाव पडतं तर ‘मिठाची’ असं रूप अपेक्षित होतं. ‘मिठी’ हे मिठा या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप म्हणून सरळ बसतं, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्याशेजारी गोड पाण्याला वेगळं नाव लागणं साहजिकच.

कोणाला विचारायचं, आणि कसं

चावडीवर दहा जणांत विचारू नका. सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलणारा एक कथा सांगतो, बाकीचे मान डोलावतात आणि त्या दिवसापासून ती गावाची अधिकृत कथा होते. एकेकट्याला, शक्यतो ओढ्याच्या काठानं चालत विचारा. दोन्ही काठांची मिळून किमान सात-आठ माणसं हवीत. एका काठाचं नाव दुसऱ्या काठाला माहीत नसणं अगदी नेहमीचं.

नावं सगळ्यांत पक्की असतात ती मेंढपाळ आणि गुराख्यांकडे. त्यांचा दिवस पाण्याच्या हिशेबावर चालतो. मासे धरणारे भोई, कोळी, कातकरी यांच्याकडे ओढ्याच्या नावापेक्षा डोहांची नावं जास्त मिळतात, आणि ओढ्याचं नाव अनेकदा एखाद्या डोहावरूनच पसरलेलं असतं. धुणं धुवायला जाणाऱ्या बायकांना घाटांची नावं ठाऊक असतात. सासरी आलेल्या बाईला नाव कोणत्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं हे आठवतं, ते गावात जन्मलेल्याला सांगता येत नाही. तिचं लग्नाचं साल विचारून घ्या. नावाला तारखेची एक टोकाची खूण मिळते. कालव्याचा भाग असेल तर पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गाठा.

प्रश्न सरळ ठेवा. ‘याला अमुक ओढा का म्हणतात?’ असं विचारलं की नाव तुम्हीच तोंडात दिलंत आणि कारण मागितलंत. समोरचा सभ्यपणानं एखादं कारण तयार करून देतो. त्याऐवजी ‘हा कुठला ओढा?’, ‘ढोरं कुठं पाजायचा?’, ‘बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठं टिकलं होतं?’ असं विचारा. १९७२ हे साल ग्रामीण महाराष्ट्रात घड्याळासारखं कामाला येतं. त्या दुष्काळी कामांत ठिकठिकाणी पाझर तलाव आणि बांध झाले, त्यामुळे ओढ्याचं रूप आणि कधी नावही त्याच्या अलीकडे-पलीकडे बदलतं. पुण्याकडे पानशेत फुटल्याचं साल १९६१, साताऱ्याकडे कोयनेच्या भूकंपाचं साल १९६७ तसंच उपयोगी पडतं. ‘भूकंपाच्या आधी काय म्हणायचे?’ याचं उत्तर येतं, ‘पन्नास वर्षांपूर्वी’ म्हटलं तर येत नाही.

कागद

सातबारा सगळ्यांच्या घरी असतो, पण गाव नमुना सातवरची ‘शेताचे स्थानिक नाव’ ही जागा कोणी वाचत नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांचे गट क्रमांक महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन गावनकाशावरून काढा आणि प्रत्येकाचा उतारा पाहा. ही जागा बरेचदा रिकामी असते. भरलेली असली की ओढ्याचं, डोहाचं किंवा काठावरच्या झाडाचं नाव तिथं पकडता येतं. लागोपाठच्या तीन-चार गटांना एकच स्थानिक नाव असलं तर तो मूळ टापू, आणि ओढ्याचं नाव त्या टापूवरून आलेलं असण्याची शक्यता बळावते. नाव ओढ्याकडून रानाकडे गेलं की रानाकडून ओढ्याकडे, हे ठरवायला पसारा बघा: रानाचं नाव ओढ्यापासून दूर चढावरही चालत असेल तर ते रानाचंच.

शेतजमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालेल्या गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, म्हणून जुना कागद आणि नवा नकाशा थेट जुळत नाहीत. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ दाखवणारं पत्रक आणि जुना गावनकाशा मागा. जुने सर्व्हे नंबर ज्या मोजणीतून आले, ती मुंबई इलाख्यातली मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. तिच्यातली साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची, म्हणून एक गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, एकूण १,०८९ चौरस फूट. टिपणावरचे, म्हणजे मोजणीच्या कच्च्या आराखड्यावरचे आकडे मीटर समजून वाचले तर ओढा भलतीकडेच जातो. विदर्भात असाल तर वाजिब-उल-अर्ज हे दप्तर मागायला विसरू नका. गावातल्या पाण्याचे, वहिवाटीच्या रस्त्यांचे आणि मासेमारीचे हक्क त्यात लिहिलेले असतात, आणि हक्क लिहायचा तर ओढ्याचं नाव लिहावंच लागतं.

त्याच्या मागे जायचं तर मोडी. इनामपत्रांत आणि शिवेच्या भांडणांच्या महजरांत, म्हणजे निवाडपत्रांत, चतुःसीमा येतात. ‘पूर्वेस अमका ओढा’ अशी एक ओळ मिळाली तरी नाव शंभर-दोनशे वर्षं मागे जातं. पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर, यासाठीची मुख्य जागा. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठेही. या कागदांत वेगवेगळ्या कालगणना असतात; इसवी साल काढताना शकात ७८ मिळवा (जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९), सुहूर सनात ५९९ किंवा ६००, दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१. एक सावधगिरी: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकार वेगळे दाखवत नाहीत. म्हणजे शिव की शीव, हा वर सोडवलेला प्रश्न मोडी कागद सोडवून देणार नाही. तिथं पुन्हा बोलीच.

जुन्या मुंबई इलाख्याचे जिल्हा गॅझेटिअर वाचायला सोपे आहेत. पुणे जिल्ह्याचा १८ वा खंड आणि साताऱ्याचा १९ वा, दोन्ही १८८५ चे. त्यांत मोठे ओढे सापडतात. लहान ओढा मिळाला तर नशीब. व्युत्पत्ती दिलेली असली तर ती कोणा स्थानिक कारकुनाकडून ऐकलेली असू शकते, एवढं मनात धरून वाचा. शब्दाच्या जुन्या अर्थासाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) हाताशी ठेवा. आज विसरलेले शेतीचे आणि जमिनीचे शब्द त्यात भरपूर आहेत.

नव्या कागदांवर मात्र फार विसंबू नका. जलयुक्त शिवारच्या कामांत, नाला बांधांच्या अंदाजपत्रकांत ओढा ‘नाला क्रमांक ३’ होतो, किंवा जवळच्या शेतकऱ्याचं नाव त्याला चिकटतं. पुलावरची पाटी त्या अंदाजपत्रकावरून रंगवतात. पाच-दहा वर्षांत तेच नाव शाळेतली मुलं सांगू लागतात.

आता अर्थ

नावाचा पहिला संशय नेहमी साध्या गोष्टीवर घ्या: झाड, माती, पाणी, वाट, हद्द, देव. राजा, युद्ध, प्रेमकथा या यादीत सगळ्यांत खाली.

झाडाचं नाव असेल तर ते झाड पाण्याकाठचं आहे का, ते बघा. उंबर, जांभूळ, करंज, अर्जुनसादडा, शिंदी, निर्गुडी ही ओढ्याकाठी आपसूक वाढणारी झाडं. त्यांची नावं पटतात. आज एकही शिंदी नसली तरी हरकत नाही. जुन्या माणसांना विचारा, बांधावर खुंट शोधा.

मातीच्या शब्दांत फसगत जास्त. ‘पांढरीचा ओढा’ म्हणजे पांढऱ्या रंगाचा ओढा नव्हे. पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन, जशी काळी म्हणजे शेतीची. पांढरीचा ओढा भर शेतात असेल तर तिथं जुनं, उठून गेलेलं गाव होतं का ते पाहा: नांगरटीत खापरं वर येतात का, राखाडी भुसभुशीत माती आहे का. ‘पांढरा ओढा’ असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चुनखडी किंवा चोपण, म्हणजे खारवट जमीन, बघावी. फरक पुन्हा सामान्यरूपाचाच.

‘गंगा’ शब्दाला भुलू नका. मराठीत गंगा म्हणजे कोणतंही वाहतं पाणी. वैनगंगा, पैनगंगा, पाताळगंगा, बाणगंगा. खरी माहिती पुढच्या अर्ध्या शब्दात असते.

देवाचं नाव असेल तर ठाणं शोधा. म्हसोबा, भैरोबा, मरीआई यांची ठाणी काठावर किंवा हद्दीवर असतात, साती आसरा या जलदेवता खोल डोहाशी. ठाण्याची जागा ओढ्याच्या ज्या तुकड्यात, नाव त्याच तुकड्याचं मूळचं. इथंच सुरुवातीला पाडलेले क्रमांक कामाला येतात.

सीमाभागात दुसरी भाषा गृहीत धरा. कन्नडात ओढ्याला हळ्ळ म्हणतात, तेलुगूत वागू, आणि गोंडीत पाण्याला येर. नांदेड किंवा गडचिरोलीच्या कडेला ‘वाघ’ ऐकू आला तर वाघाची कथा लिहून घेण्याआधी शेजारच्या तेलुगू गावात तोच ओढा काय म्हणून ओळखतात ते विचारा. कोकणात वहाळ किंवा व्हाळ, पऱ्या, कोंड हे शब्द वेगळे ठेवा. कोंड म्हणजे डोहही आणि वाडीही.

आणि एक कसोटी जी कथांचा निम्मा ढीग साफ करते: हेच नाव आणखी किती ठिकाणी आहे? लेंडी नावाचे ओढे-नाले अनेक जिल्ह्यांत आहेत. एका गावात त्याची एका सावकाराच्या शेळ्यांची गोष्ट सांगितली तरी ती बाकीच्या लेंड्यांना लागू पडत नाही. नाव सगळीकडे असेल तर कारणही सगळीकडे घडणारं हवं. कळप पाण्यावर येतात आणि काठ लेंड्यांनी भरतो, हे तसं कारण आहे. उलट, नाव जगात एकच असेल तर एखाद्या माणसाच्या नावाचा किंवा परभाषेचा संशय घ्या.

जातींची नावं असलेले ओढे जुन्या कागदांत सापडतात. काही ठिकाणी ती कामावरून आलेली: कुंभाराला लागणारी माती, कातडं कमवायला लागणारं पाणी. काही ठिकाणी ती सरळसरळ वेगळं पाडलेल्या पाणवठ्याची खूण असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटीवर असं नाव पुन्हा जिवंत करायचं काम आपलं नाही. पण टिपणातून ते खोडूही नका. कोणाला कुठलं पाणी दिलं जायचं, हा त्या ओढ्याचा इतिहासच आहे.

ओढ्यावर तीन फेऱ्या

अर्थ सुचला की जागेवर पडताळा, आणि एका फेरीत भागत नाही. पहिला जोराचा पाऊस पडून गेल्यावर जा. दुधी, तांबडा अशी रंगाची नावं तेव्हाच खरी-खोटी होतात. पाणी अंगावर येत असताना पात्रात उतरायचं नाही, काठावरून बघायचं. दुसरी फेरी ऑक्टोबरात, पाणी निवळल्यावर. झरे कुठं आहेत ते तेव्हा कळतं. तिसरी एप्रिल-मेमध्ये. कोणता डोह टिकतो हे फक्त उन्हाळा सांगतो, आणि टिकणाऱ्या डोहाचंच नाव ओढ्याला जातं.

खारा, गोडा, मिठा असं नाव असेल तर चव घेऊ नका. आता बहुतेक ओढ्यांत सांडपाणी येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो. ऑक्टोबरात आणि मेमध्ये, त्याच जागी मोजा आणि शेजारच्या दुसऱ्या ओढ्यातही मोजा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. आकडा मोठा आला म्हणजे नाव सिद्ध झालं असं नाही, कारण सांडपाण्यानंही तो चढतो. म्हणून वस्तीच्या वरच्या अंगाला मोजायचं. दोन ओढ्यांतला फरक महत्त्वाचा. नाव फरकावरूनच पडतं.

कथा टाकून देऊ नका

रामानं बाण मारला, सीतेला तहान लागली, पांडवांनी एका रात्रीत खोदला, महाराजांचा घोडा इथं पाणी प्याला. या कथा व्युत्पत्ती म्हणून निकामी आहेत, पण त्यात एक दाणा असतो. बाणाची कथा खडकातून फुटणाऱ्या झऱ्यावर असते. म्हणजे झरा कुठं हे कळलं. घोड्याची कथा जुन्या वाटेवर असते. म्हणजे ओढा ओलांडायची जागा कुठं हे कळलं. कथा सांगणाऱ्याच्या शब्दांत, वेगळ्या कागदावर उतरवा आणि तिला व्युत्पत्तीच्या रकान्यात येऊ देऊ नका.

नोंद कशी ठेवावी

एका तुकड्याला एक पान. वर देवनागरीत नाव, ळ-ण-अनुस्वार जसे ऐकले तसे. त्याखाली सामान्यरूपं आणि लिंग. मग सांगणाऱ्याचं अंदाजे वय आणि काठ (नाव-फोन नंबर पसरवायची गरज नाही). कागदांतली रूपं सालासह. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण मीटरभराची अचूकता. अर्थ शेवटच्या ओळीत, आणि त्यापुढे तीनपैकी एक शेरा: बोली, कागद आणि जागा तिन्ही जुळत असतील तर ‘पक्का’, दोन जुळत असतील तर ‘संभाव्य’, एकच असेल तर ‘ऐकीव’. दोन अर्थ तुल्यबळ राहिले तर दोन्ही लिहा.

ओपनस्ट्रीटमॅपवर ओढा चढवायचा असेल तर रेघ उगमाकडून संगमाकडे ओढा, कारण तिथं रेघेची दिशा हीच प्रवाहाची दिशा धरतात. प्रत्येक तुकड्याला त्याचं त्याचं नाव द्या, दुसऱ्या काठाचं नाव पर्यायी नावाच्या जागेत आणि वापरातून गेलेलं जुन्या नावाच्या. ‘ओढा’ असताना ‘नाला’ लिहू नका. शहराच्या कडेला ज्याला नाला म्हटलं, त्यात कचरा टाकायला कोणाला संकोच वाटत नाही.

पुलावर पाटी लावायची ठरली तर ग्रामसभेत दोन्ही काठांची माणसं असतानाच नाव ठरवा. रंगाऱ्याला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. रंग भरण्याआधी पेन्सिलीची अक्षरं एकदा जाऊन बघा. ‘शिवेचा ओढा’चा ‘शिवाचा ओढा’ व्हायला एक मात्रा पुरते.